येनयेनला न्यायला

लाँसेस्टन, टास्मानिया
१८ नोव्हेंबर २०१९

लामेईताई,

तुम्ही मला ओळखत नाही. मी खू स्वी-इम. बालगृहाने तुमच्या घरी सांभाळायला दिलेल्या येनयेनची मी आई होणार आहे. हे वाक्य मी चार वेळा लिहून खोडलं. पाच वर्षं तिचं खाणंपिणं, दुखणंखुपणं तुम्ही काढलंत आणि मी तिला अजून डोळ्यांनी पाहिलेलंही नाही. पण दुसरं कसं लिहावं ते सुचत नाही.

माझा जन्म पेनांगचा, त्यामुळे चिनी लिहिता-वाचता येतं. चुका दिसतील, सांभाळून घ्या. नवरा कॉलिन इथलाच, बसच्या डेपोत मेकॅनिक आहे. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दत्तकाचे आमचे कागद चीनला जाऊन चार वर्षं झाली. मागच्या महिन्यात त्या बालगृहाकडून येनयेनचा फोटो आला: लाल जॅकेट, डावा पाय किंचित आखूड, त्या बुटाचा तळ जाड. कॉलिन फोटो बघून बाहेर गेला. अर्ध्या तासाने आत आला तो मागच्या दाराच्या पायऱ्यांची मापं घेऊन. म्हणाला, "इथे कठडा लागेल."

मार्चमध्ये आम्ही तिला न्यायला येतोय. तोवर मला सगळं सांगाल का? ती काय खाते, कशाला घाबरते, झोपताना काय लागतं?

इथे चीनमधून मुलं आणलेली साठेक कुटुंबं आहेत. त्यांच्यासाठी मी दर दोन महिन्यांनी एक वार्तापत्र काढते. चीनमध्ये सध्या काय चाललंय, कुठला सण कसा करायचा, असं बरंच काही. एक अंक सोबत ठेवलाय, आणि आमच्या फोटोंचा एक अल्बम येनयेनसाठी.

तुमची,
स्वी-इम

•

शीथांग, च्यांगशी प्रांत
२० डिसेंबर २०१९

स्वी-इम,

मी अठ्ठावन्न वर्षांची आहे, तेव्हा तुला 'तू'च म्हणते.

आधी तुझ्या वार्तापत्राबद्दल. त्यात लिहिलंय की हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी सगळा चीन सारण भरलेले डंपलिंग खातो. सगळा चीन म्हणजे कोण ग? आमच्या गावात कोणी खात नाही. आम्ही चिकट तांदूळ कुटतो, त्याचे गोळे करून तीळ-साखरेत घोळवतो. साठ घरांत चुकीचं शिकवू नकोस. पोरं मोठी होऊन इथं आली तर त्यांचं हसं होईल.

येनयेन सात वर्षांची. भांड्याच्या तळाला लागून करपलेला भात तिला सर्वांत आवडतो, त्यावरून माझ्याशी भांडते. तिखट खाते. अंधाराला भीत नाही, पण कोणी हळू आवाजात बोलायला लागलं की घाबरते. पाय आखूड आहे तरी पळते, आणि पडली तर रडत नाही, जमिनीला शिव्या देते. त्या कुठून शिकली विचारू नकोस.

तिच्याआधी माझ्याकडे चार पोरी वाढल्या. एक स्पेनला गेली, एक हॉलंडला, दोघी अमेरिकेला. पत्र एकीचंही नाही. राग नाही माझा, लहान होत्या. बालगृहाने आम्हा सगळ्यांना बजावलंय, पोरांकडून 'आई' म्हणवून घ्यायचं नाही, 'मावशी' म्हणवून घ्यायचं, म्हणजे पुढे तुटताना जड जात नाही. तर मी मावशी आहे. तू धास्ती घेऊ नकोस.

तुझा अल्बम तिने उलटा, सुलटा, सगळा पाहिला. विचारते, "मार्च म्हणजे किती झोपा?" मी सांगितलं, नव्वद. आजपासून पिशवी भरायला घेतली आहे.

श्योंग लामेई

•

लाँसेस्टन
२ मार्च २०२०

लामेईताई,

विमानं बंद झाली. तुमचं पत्र मिळालं त्याच आठवड्यात वुहानच्या बातम्या सुरू झाल्या, आणि आता आमच्या सरकारने तिकडची सगळी ये-जा थांबवली आहे. आमची तिकिटं रद्द. दत्तकाचं बघणाऱ्या कचेरीतली बाई म्हणाली, "दोन-तीन महिने धरा."

तुम्ही दोघी बऱ्या आहात ना? मास्क पाठवते आहे, पोचले तर वापरा. येनयेनला सांगा की आम्ही येतोय. फक्त थोड्या जास्त झोपा.

वार्तापत्रात डंपलिंगबद्दल दुरुस्ती छापली. एका आईने चिडून फोन केला, की आम्ही सहा वर्षं डंपलिंगच करतोय, आता काय करायचं!

स्वी-इम

•

शीथांग
२० ऑगस्ट २०२०

स्वी-इम,

तुझी तीन पत्रं एकाच दिवशी आली. मास्कही आले. तोवर मास्क इथं कोपऱ्यावरच्या दुकानात मिळायला लागले होते, पण वापरते.

दोन महिने गाव बंद होतं. रस्त्यावर बांबू आडवे टाकून दंडाला लाल फीत बांधलेली माणसं बसायची, त्यातला एक माझाच पुतण्या. मला म्हणतो, "काकू, कुठं चाललीस?" म्हटलं, "तुझ्या लग्नाला, अजून ठरलं नाही म्हणून वाट बघतेय."

आता कमळाच्या बियांचे दिवस. पहाटे तळ्यातून शेंगा येतात, मग दिवसभर बसून बी सोलायची आणि मधला कडू कोंब काडीने बाहेर ढकलायचा. नखं काळी होतात. येनयेन माझ्यापेक्षा भरभर करते.

ती मजेत आहे. तुझी आठवण काढते. काळजी करू नकोस.

माझ्या मुलाचा, च्येनपिंगचा, कारखाना पुन्हा सुरू झाला. फोनवर विचारतो, "ती पोरगी अजून आहे?" मी म्हणते, आहे.

लामेई

•

लाँसेस्टन
१४ जून २०२१

लामेईताई,

आज ड्रॅगन बोटीचा सण. वार्तापत्रासाठी तुमच्याकडून काही लिहून मागायचं होतं, पण खरं सांगू, आता वाचणारी एकोणीसच घरं उरलीत. मुलं मोठी झाली. एका आईने लिहिलं, "माझी मुलगी म्हणते, मला चीनचं काही सांगू नकोस." मी तिला काय उत्तर देणार?

आमच्या देशाची सीमा अजून बंदच आहे आणि तुमची तर आहेच. कचेरीतली ती बाई निवृत्त झाली. नवा मुलगा दर वेळी माझं नाव विचारतो. तरी या शरदात काहीतरी हलेल असं ऐकते आहे. येनयेनला सांगा, कदाचित शरदात.

कॉलिन कामात असतो. तुम्हाला नमस्कार सांगितलाय.

ती आता नऊची होत आली. उंची किती झाली? दात पडले का? एखादं चित्र पाठवायला सांगाल तिला?

स्वी-इम

•

शीथांग
१६ जानेवारी २०२२

स्वी-इम,

उत्तराला उशीर झाला. हात दुखतो.

येनयेन आता शहरातल्या शाळेत जाते आणि तिथंच राहते. शाळा चांगली आहे, पायऱ्या कमी आहेत. इंग्रजीही शिकवतात. चित्रं पाठवते आहे, तीन आहेत. घराचं आहे ते तुझं घर.

यंदा पाऊस फार झाला, संत्री आंबट निघाली. तरी विकली गेली. मोबाइलवर आजार नसल्याची हिरवी खूण दाखवल्याशिवाय बाजारात शिरू देत नाहीत. माझा मोबाइल जुना, खूण उमटायला वेळ लावतो, मागे रांग बोंबलते.

तू तब्येत सांभाळ. कॉलिनला नमस्कार.

लामेई

•

लाँसेस्टन
३ मार्च २०२४

लामेईताई,

दोन वर्षांत मी तुम्हाला सात पत्रं लिहिली, तुमची दोन आली. येनयेनची उंची विचारली की तुम्ही पावसाचं लिहिता. फोटो मागितला की लाल जॅकेटातला तोच जुना फोटो. परवा मी तिची चित्रं काढून बघत बसले होते. त्यात ती स्वतःला काढते तेव्हा दोन्ही पाय सारखे असतात. दोन्ही बूट सारखे. ज्या मुलीने जन्मभर एक बूट जाड घातलाय ती असं काढेल?

सरळ विचारते. तिला सोडायचं तुमच्या मनात नाही का? मी येऊ नये असं तुम्ही तिला शिकवता आहात का? मी आठ वर्षं वाट बघते आहे, लामेईताई. माझं वय अठ्ठेचाळीस. दुकानात कोणी बाई मुलीला चष्मा करायला घेऊन येते, तेव्हा मी हसून फ्रेम दाखवते आणि मागच्या खोलीत जाऊन उभी राहते. माझ्यात आता फार ताकद उरली नाही. निदान खरं तरी सांगा.

स्वी-इम

•

शीथांग
९ मे २०२४

स्वी-इम,

खरं हवंय ना, मग नीट बसून वाच.

२०२० च्या मार्चमध्ये गाव बंद होतं, बस बंद होती, तरी ती पोरगी पिशवी घेऊन रोज थांब्यावर जाऊन बसायची. मी ओढून आणायची. पुन्हा जायची. तू मे म्हणालीस, तिने पिशवी भरली. वर्षअखेर म्हणालीस, भरली. मग तुझं ते 'कदाचित शरदात'चं पत्र आलं. मी वाचून दाखवलं तर तिने पिशवी काढली नाही. तुझा अल्बम आणून माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "मावशी, मला आता हे वाचून दाखवू नकोस." त्यानंतर तुझं एकही पत्र मी तिला दाखवलेलं नाही. चित्रं शेजारणीच्या नातीची. तिचे पाय सरळ आहेत, तिला काय कळणार.

आणि ती शाळेत राहते म्हणाले ते. त्याच वर्षी सप्टेंबरात बालगृहाने गावातल्या घरांतून सगळी मुलं परत घेतली. नवा नियम, असं म्हणाले. गाडी आली. तिच्यासोबत आणखी तीन पोरं होती. येनयेनने गाडीत पाय ठेवला आणि ड्रायव्हरला विचारलं, "ऑस्ट्रेलिया?" तो म्हणाला, "हो हो, बस." मी तिथं उभी होते, स्वी-इम. मी तिला खरं सांगितलं नाही. ती रडली नाही म्हणून मला बरंसुद्धा वाटलं, हे तुला सांगते. दोन तासांनी शहरातल्या बालगृहाच्या फाटकाशी उतरली तेव्हा तिच्या मनात काय आलं असेल, याचा विचार मी अजून पुरा करू शकत नाही.

पुढच्या वर्षी मी तिथल्या कारकुनाकडे गेले. म्हटलं, मी तिला रीतसर दत्तक घेते. मला एकच मुलगा, तोही मोठा. कायद्यात बसतं, मी विचारून घेतलं होतं. तो म्हणाला, "आजी, फाइल परदेशी नवरा-बायकोच्या नावाने बंद आहे. ते सोडत नाहीत तोवर ती कोणालाच देता येणार नाही."

तरी मी तुला 'सोड' असं लिहिलं नाही. तुमच्याकडे तिच्या पायाचं ऑपरेशन होईल, माझ्याकडे काय आहे? सोलायला बिया. म्हणून दर महिन्याला बसने जाते, फाटकातल्या खोलीत अर्धा तास तिच्यासमोर बसते. ती आता फार बोलत नाही. शिव्यासुद्धा देत नाही.

मी खोटं लिहिलं, ते तुझा धीर सुटू नये म्हणून. तू विचारतेस, सोडायचं मनात नाही का. नाही. आता तू काय ते ठरव.

लामेई

•

लाँसेस्टन
११ सप्टेंबर २०२४

लामेईताई,

तुम्हीही ऐकलं असेल. गेल्या गुरुवारी चीनने जाहीर केलं की परदेशात मुलं दत्तक देणं आता बंद. फक्त नात्यातल्यांना मुभा. आमच्या कचेरीकडून दोन ओळींचं पत्र आलं. दुसरी ओळ 'खेद वाटतो' अशी होती.

तुमच्या पत्राला मी चार महिने उत्तर दिलं नाही. आज देते आहे, यात माझा काही मोठेपणा नाही. दार बंद झाल्यावर मी बोलते आहे.

कॉलिन २०२१ च्या फेब्रुवारीत घर सोडून गेला. भांडण काही नव्हतं. म्हणाला, "स्वी, मी गाड्या दुरुस्त करणारा माणूस. बिघाड काय ते कळलं तर मी काहीही करीन. हे असं नुसतं बसून राहणं मला जमत नाही." पुढच्या वर्षी घटस्फोट झाला. आमचा अर्ज नवरा-बायकोचा होता. मी कळवलं असतं तर त्याच दिवशी तो रद्द झाला असता. म्हणून कळवलं नाही. नवा मुलगा दर वर्षी विचारायचा, "परिस्थितीत काही बदल?" मी म्हणायचे, "नाही." जूनमधल्या त्या पत्रात 'कॉलिनने नमस्कार सांगितलाय' असं लिहिलं, तेव्हा त्याला जाऊन चार महिने झाले होते.

मला वाटायचं, मी कोणाचं काय बिघडवते आहे? फक्त वाट तर बघते आहे. तुमचं पत्र वाचलं तेव्हा कळलं. तुम्ही कारकुनासमोर उभ्या होतात त्या वेळी फाइलवरचं दुसरं नाव कधीच निघून गेलं होतं. त्या फाइलवर मी एकटी बसून होते.

मे महिन्यातच मी अर्ज मागे घेण्याचा कागद आणून भरला. सगळा भरला. सही केली नाही. रोज स्वयंपाकघरात तो दिसायचा, मी त्यावर वर्तमानपत्र ठेवायचे. आता त्याची गरजही उरली नाही, तरी काल सही करून पाठवला.

वार्तापत्राचा शेवटचा अंक काढला. दत्तक देणं बंद झाल्याची बातमी, आणि आतापर्यंत वाचणाऱ्यांचे आभार.

माफी मागायची तर कोणाची आधी, हेच कळत नाही.

स्वी-इम

•

शीथांग
२६ जानेवारी २०२५

स्वी-इम,

तुझं पत्र पोचलं. मला राग आला. तीन दिवस मी भांडी आपटली. मग माझ्या खोट्याचा हिशेब करायला बसले, तेव्हा हात थांबला. तू खरं लिहिलं असतंस तर फाइल तेव्हाच सुटली असती, मी तिला आधीच दत्तक घेतली असती, पोरगी गाडीत चढलीच नसती. आणि मी खरं लिहिलं असतं तर तू कदाचित तेव्हाच सही केली असतीस. राग अजून आहे. थोडा तुझ्यावर, थोडा माझ्यावर. पुढचं ऐक.

ऑक्टोबरच्या शेवटी बालगृहातून फोन आला: फाइल मोकळी झाली, आजी, या. मी गेले. मला वाटलं होतं, सही करायची आणि पोरीला घेऊन यायचं. पण कायदा असा की मूल आठ वर्षांच्या वर असेल तर त्यालाच विचारायचं. येनयेन बारा वर्षांची. तिला खोलीत बोलावलं. माझ्याएवढी उंच झालीय, केस कापलेले.

कारकुनाने विचारलं, "या बाईंच्या घरी कायमचं जायचंय का?"

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यालाच विचारलं, "कधी?"

तो म्हणाला, "अर्ज, घराची तपासणी, मग नोटीस. नवीन वर्षाच्या सुमाराला होईल."

"मग नको," ती म्हणाली आणि तासाला निघून गेली.

कारकून बिचारा भला माणूस. म्हणाला, "आजी, पुढच्या महिन्यात परत विचारू." मी बाहेर पडले. चारच्या बसमध्ये बसले, तिकीट काढलं. बस सुरू झाली आणि मला दिसलं की मीही तेच करतेय. 'येते हं' म्हणून निघालेली आणखी एक. पुढच्या थांब्यावर उतरले आणि चालत परत गेले.

तिथल्या स्वयंपाकघरात म्हाताऱ्या वेइबाई आहेत. त्यांना म्हटलं, "हात लागेल का?"

"लागेल, पण पगार मिळणार नाही."

"पगार नको. झोपायला जागा द्या."

"कोबीच्या पोत्यांशेजारी जागा आहे. उंदीर आहेत."

"असू देत. मीही घोरते."

च्येनपिंगला फोन केला तर ओरडला, "या वयात लोकांच्या पोरांची भांडी घासायला गेलीस?" म्हटलं, हो. शेजारणीला कोंबड्या बघायला सांगितल्या आणि राहिले.

पहिले आठ दिवस ती वाडगा घेऊन रांगेत यायची, मी इतरांइतकाच पळीभर भात घालायची, ती पुढे जायची. नवव्या दिवशी वाडगा पुढे करून म्हणाली, "तू अजून इथंच?"

"हो."

"का?"

"तू नको म्हणालीस म्हणून."

मागची पोरं ढकलायला लागली, ती गेली. दोन दिवसांनी शाळा सुटल्यावर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मग आत आली. मग माझ्या हातातली सुरी काढून घेतली. "असे जाड मुळे चिरतात का? शिजणार कधी?" वेइबाई माझ्याकडे बघून डोळे मिचकावतात. मी मान वर केली नाही. एकदा माझा पाय घसरला, कढई सांडली, तर ती त्या फरशीला अशी काही बोलली की वेइबाईंनी कानांवर हात ठेवले. मी तिथंच ओल्या फरशीवर बसून हसले, मग रडले. तिला वाटलं मला लागलंय.

डिसेंबरात कारकुनाने परत विचारलं. त्याने वाक्य पुरं करायच्या आत ती म्हणाली, "कधी वगैरे विचारत नाही मी आता. ती इथंच आहे की." आणि कागदावर आपलं नाव लिहिलं.

चौदा जानेवारीला आम्ही घरी आलो. पायाचं ऑपरेशन होईल की नाही माहीत नाही. शहरातले डॉक्टर म्हणाले वय वाढलंय, तरी एप्रिलमध्ये दाखवा. दाखवू. घरात सगळं धुळीने भरलं होतं, चार कोंबड्या कमी निघाल्या. शेजारीण म्हणते, कोल्हा. मी म्हणते, तिचा जावई.

काल रात्रीचं जेवण झाल्यावर मी तुझं सप्टेंबरचं पत्र येनयेनला वाचून दाखवलं. सगळं, कॉलिनचं, सहीचं, वर्तमानपत्राखाली ठेवलेल्या कागदाचं. मधलं काही गाळलं नाही. गाळून गाळून आपण काय केलं ते दोघींनी पाहिलंच.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे तिला यायचं होतं?"

"हो."

"आणि जमणार नाही हे कळलं होतं?"

"बरंच आधी."

"मग सांगायचं ना," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, स्वी-इम. दमलेल्या मोठ्या माणसासारखी म्हणाली.

मी हे पत्र लिहायला बसले तेव्हा ती शेजारी येऊन उभी राहिली. म्हटलं, तुला काही सांगायचंय का तिला? तिने आधी माझ्या खांद्यावरून कागद वाचला. मग म्हणाली, "लिही की आता वाट बघत बसू नको म्हणावं. मी पोचले."

लामेई